खोल जाणाऱ्या क्रँकबेटसाठी स्वस्तातला रॉड कोणता घ्यावा?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. दाभोळच्या खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी खोल जाणारे क्रँकबेट (ओढताना थरथरत खाली जाणारे नकली मासे) वापरायचे आहेत. जागा अशी: भरतीला पाणी १५ ते १८ फूट, म्हणजे जेमतेम तीन वाव. तळाला खडप, एका अंगाला जेटीचे खांब. लूर ठरलेले आहेत: रापालाचे डीटी-१० आणि डीटी-१६ (आकडा म्हणजे किती फूट खोल जातो), शिवाय ९ सेंटिमीटरचा शॅड रॅप. रील ४००० नंबरचं स्पिनिंग, गिअर ६.२:१, त्यावर २० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन.

सध्याचा रॉड ७ फुटी, मिडियम, फास्ट अ‍ॅक्शन, लूरचं वजन ५ ते २० ग्रॅम. डीटी-१६ ओढताना तो पार कमानीसारखा होतो. मासा लागतो, पण जवळ येईस्तोवर सुटतो. नव्या रॉडसाठी ४ हजारांच्या आतबाहेर खर्च करता येईल. कार्बन घ्यावा की फायबर? लांबी किती? आणि दुकानात नेमकं काय बघायचं?

गरीदोरा

तुमच्या तक्रारीत दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत, ते आधी सुटे करू. रॉड पार वाकतो हा ताकदीचा दोष. मासा सुटतो हा बहुतेक अ‍ॅक्शनचा दोष. दुकानात दोन्हींना मिळून "कडक" किंवा "नरम" एवढंच म्हणतात आणि खरेदी तिथेच चुकते.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड वरच्या पाव भागातच वाकतो, खाली ताठ राहतो. मॉडरेट साधारण मध्यापासून वाकतो. स्लो थेट मुठीपर्यंत जातो. म्हणजे ताकदवान पण मधून वाकणारा रॉड असू शकतो आणि तुम्हाला तोच हवा आहे.

आता लिपचं, म्हणजे लूरच्या नाकाशी असलेल्या पात्याचं, काम बघा. खोल जाणाऱ्या क्रँकबेटची लिप लांब, रुंद आणि जवळजवळ नाकाच्या रेषेत असते. पाण्यात ती फावड्यासारखी चालते. डीटी-१६ चं वजन २२ ग्रॅम, त्यामुळे २० ग्रॅमच्या रॉडला तो दोनच ग्रॅम जड आहे असं वाटतं. फेकण्यापुरतं ते खरंही आहे. पण एकदा रील फिरायला लागलं की लूरच्या वजनाला अर्थ राहत नाही, उरतो तो लिपवरचा पाण्याचा दाब. टिप आणि मधला भाग नुसत्या लूरच्या ओढीनेच वाकून संपले, तर मासा लागल्यावर वाकायला रॉडात शिल्लक काही राहत नाही. झटका मारला तरी तो हुकपर्यंत पोचत नाही.

दुसरा दोष. ट्रेबल हुकची (तीन टोकांच्या गळाची) तोंडं लहान असतात, ती जबड्यात थोडीच रुततात. जिताडा डोकं झटकतो तेव्हा दोर क्षणभर ढिला पडतो. रॉड खोलवर वाकलेला असेल तर ती ढील तो लगेच खाऊन टाकतो. फास्ट रॉडात फक्त टिप उसळते, ढील राहते आणि हुक सुटतो. त्यात तुमची लाइन ब्रेडेड. ती ताणत नाही. तंगूस (नायलॉनचा एकेरी दोर) असता तर त्याच्या ताणाने थोडं सांभाळून घेतलं असतं.

म्हणून मिडियम-हेवी पॉवर आणि मॉडरेट अ‍ॅक्शन. कागदावर लूरचं वजन १० ते ४० ग्रॅमच्या आसपास लिहिलेलं हवं, म्हणजे २२ ग्रॅम मधोमध पडतात. आणि एक चांगली गोष्ट: महागडा रॉड या कामाला लागतच नाही. महाग कार्बन हलका आणि ताठ असतो, त्याचे पैसे तुम्ही हातातल्या संवेदनेसाठी मोजता. क्रँकबेटची थरथर स्वस्त फायबरच्या रॉडमधूनही मुठीपर्यंत येते.

तंगूस_४०

रॉड बदलायच्या आधी रीलचा हिशोब बघा. ६.२:१ गिअरचं ४००० नंबरचं रील हँडलच्या एका फेरीत मीटरभराच्या आसपास दोर गुंडाळतं. ५.२:१ वालं साधारण ८० सेंटिमीटर. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. हात त्याच लयीत फिरला तर वेग सव्वापट आणि ओढ दीडपटीहून थोडी जास्त. म्हणजे रॉड कमानीसारखा होण्यात रीलचाही हात आहे.

नवीन रील लगेच घ्यायची गरज नाही, हात हळू करा. घड्याळ लावून बघा: सेकंदाला एक पूर्ण फेरी होत असेल तर पाच सेकंदांत चारवर या. मात्र खोल लूर दिवसभर ओढला की वेगवान गिअरच्या रीलवर मनगट दुखतं आणि गिअरचे दातही लवकर झिजतात. पुढे कधी रील घ्याल तेव्हा ५ च्या घरातलं बघा.

केंटकीकर

अमेरिकेत लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी हा प्रकार चांगलाच मुरलेला आहे. टेनेसी नदीवरच्या केंटकी लेक, पिकविक, गंटर्सविल अशा जलाशयांत जूनच्या सुमारास बास जुन्या नदीपात्राच्या कडेला, १५ ते २५ फुटांवर झुंडीने उभे राहतात. धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की प्रवाह सुरू होतो आणि मासे तोंड प्रवाहाकडे करून खायला लागतात. भरती-ओहोटीसारखंच म्हणा, फक्त वेळापत्रक धरणाचं.

तिथे स्ट्राइक किंगचा ६एक्सडी लूर फार चालतो: एक औंसाचा, १९ फुटांपर्यंत जाणारा. त्याहून मोठा १०एक्सडी दोन औंसांचा. त्यांच्यासाठी साडेसात ते जवळपास आठ फुटांचे फायबरग्लास किंवा ग्लास-कार्बन मिश्र रॉड, मॉडरेट अ‍ॅक्शन, ५ च्या घरातलं बेटकास्टिंग रील आणि १० ते १२ पौंडांची फ्लोरोकार्बन लाइन.

लांबी का, तर लूर फेकल्या क्षणी खोल नसतो. आलेल्या अंतराचा ढोबळ पहिला तिसरा भाग खाली जाण्यात जातो, शेवटचा तिसरा भाग वर येण्यात. ३० मीटर फेकलात तर ठरलेल्या खोलीवर तो १० मीटरच चालतो. फेक ४० मीटरची झाली तर वाढलेले दहाही मीटर बहुतेक खोल पाण्यातच पडतात. रॉड सहा इंच लांब घेण्याचा फायदा हा.

टिप पाण्याकडे खाली ठेवा. १९८२ चा बासमास्टर क्लासिक (बास मासेमारीची अमेरिकेतली मोठी स्पर्धा) पॉल इलायस यांनी अलाबामा नदीवर गुडघ्यावर बसून, रॉड पाण्यात खुपसून क्रँकबेट ओढत जिंकला होता. टिप जेवढी पाण्याखाली, साधारण तेवढा लूर आणखी खाली. होडीतून हे जमतं. उंच जेटीवरून मात्र उलट होतं, दोर तिरका वर चढतो आणि डब्यावर लिहिलेली खोली मिळत नाही.

शापोरा

केंटकीकर, माहिती बरोबर, पण चोणक म्हणजे बास नव्हे. गोव्यात आम्ही चोणक म्हणतो तो तुमचा जिताडा. लागल्यावर तो पहिल्या तीन-चार सेकंदांत खांबाकडे वळतो. खांबाला कालवं असतात, आणि कालवाच्या धारेला २० पौंडी ब्रेडेड लागली की संपलं. तांबोशी तर याहून वाईट, ती थेट बिळात शिरते. मॉडरेट फायबर रॉड अशा वेळी वाकतच राहतो आणि माशाचं तोंड फिरवता येत नाही.

दुसरं, तोंड. बासच्या पातळ जबड्याला बारीक तारेचा हुक सहज लागतो. चोणकाचं तोंड कठीण, गालफडाची कड ब्लेडसारखी. खाऱ्या पाण्यासाठी जाड तारेचे हुक घालता तेव्हा ते रुतवायला जास्त जोर लागतो. मऊ रॉड तो जोर देत नाही.

माझ्या मते फास्टच ठेवा, पण मिडियम-हेवी घ्या आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोर सोडणारा रीलचा ब्रेक) थोडा सैल करा.

गरीदोरा

शापोरा, खांबांचा मुद्दा पूर्ण मान्य, मी तो लक्षात घ्यायला हवा होता. पण सैल ड्रॅग आणि खांब यांचं जमत नाही. ड्रॅग सैल केला की तोच मासा तीन सेकंदांत खांबापर्यंत दोर घेऊन जातो. फास्ट रॉडावर ड्रॅग घट्ट केला तर ट्रेबल फाटून येतो. मधला रस्ता रॉडाच्या घडणीतच शोधायला हवा.

असा रॉड हवा की वरचा तिसरा भाग लूरबरोबर मोकळा हलतो, मधला भाग मासा लागल्यावर उतरतो आणि मुठीवरचा दीड-दोन फूट भाग वाकायला नकार देतो. लेबलावर याला मॉडरेट-फास्ट म्हणतात. स्वस्तात तो दोन प्रकारे मिळतो. एक, ग्लास आणि कार्बनचं मिश्रण, ज्यात टिप भरीव फायबरग्लासची आणि खाली कार्बन. शेक्सपियरची अग्ली स्टिक १९७६ पासून याच कल्पनेवर चालत आली आहे. तिची पारदर्शक, भरीव टिप लगेच ओळखू येते. दोन, २४ टन कार्बनचा साधा रॉड. हा टनाचा आकडा ताठपणाचा असतो, मजबुतीचा नव्हे. ४० टन जास्त ताठ आणि ठोका लागला तर जास्त ठिसूळ. जेटीवर, होडीच्या काठावर रॉड आपटतोच, त्यामुळे कमी टनाचा रॉड इथे उलट जास्त टिकतो.

जागेनुसार फरक करायचाच तर असा: मोकळं खडप असेल तर मॉडरेट, खांबांच्या अंगाला मॉडरेट-फास्ट. वाशिष्ठीकाठ यांच्याकडे दोन्ही आहे आणि रॉड एकच घ्यायचा आहे, तर मॉडरेट-फास्ट घ्यावा.

सुरमई

हुकबद्दल लिहायचं राहून जातंय. डीटी मालिकेचं अंग बाल्सा लाकडाचं, हलकं, आणि मूळ हुक गोड्या पाण्यातल्या माशांच्या हिशोबाचे. मोठा जिताडा ते सरळ करतो. म्हणून लोक थेट "४एक्स" लिहिलेले खूप जाड तारेचे ट्रेबल लावतात आणि दोन गोष्टी बिघडतात: लूर जड होऊन त्याची थरथर मंदावते, आणि शापोरादादा म्हणतात तसं हुक रुतत नाही.

"२एक्स" जाडीची तार पुरेशी आहे. मूळ हुक आणि नवा हुक दोन्ही सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. जोडीमागे फरक अर्ध्या-पाऊण ग्रॅमच्या आत असेल तर चाल फारशी बदलत नाही. स्प्लिट रिंगही (हुक अडकवायची कडी) बदला, नाहीतर हुक टिकतो आणि रिंग उघडते. मग लूर बादलीत सोडून बघा: तरंगतोय का? नाक खाली, शेपूट किंचित वर, असा हळू वर यायला हवा. बुडाला तर हुक जड झाले.

पुढच्या ट्रेबलच्या जागी इनलाइन सिंगल हुक (एकाच टोकाचा) लावला तर आणखी बरं. एकाच तोंडावर सगळा जोर येतो म्हणून मऊ रॉडानेही तो खोल जातो, खडपात अडकणं कमी होतं आणि मासा सोडताना त्याला इजा कमी. अंगठ्याच्या नखावर हुकचं टोक टेकवून ओढा. घसरलं तर बोथट आहे, रुतून थांबलं तर ठीक. खडपाला दहा-बारा वेळा लागलेला हुक कानसेवर फिरवल्याशिवाय पुन्हा टाकू नये.

वाशिष्ठीकाठ

खूप स्पष्ट झालं. म्हणजे ७ फूट किंवा साडेसात, मिडियम-हेवी, मॉडरेट-फास्ट, १० ते ४० ग्रॅम, मिश्र किंवा २४ टन. पण लेबलवर विश्वास किती ठेवायचा? एका कंपनीचा मिडियम दुसरीच्या मिडियम-हेवीइतका कडक लागतो.

गरीदोरा

लेबल फक्त रांगेतून चार रॉड वेगळे काढायला वापरा. निवड हाताने करायची. जाताना चार वस्तू न्या: आपलं रील लाइनसकट, अर्धा लिटर आणि एक लिटर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या.

रील बसवा, दोर सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवा, टोकाला अर्ध्या लिटरची बाटली बांधा. ड्रॅग बंद. कोणाला तरी बाटली जमिनीजवळ धरायला सांगा आणि रॉड सावकाश उचला, जमिनीशी साधारण ४५ अंशांपर्यंत. अर्धा किलो उचलताना वरचा तिसरा भाग गोलाईत वाकावा. आता एक लिटरची. वाक मध्यापर्यंत, थोडा खाली उतरावा, पण मुठीच्या वरचा दीड फूट सरळ राहावा. अर्ध्या किलोलाच वाक मध्य ओलांडत असेल तर डीटी-१६ ओढताना तुमच्या आत्ताच्या रॉडचीच गत. एक किलोलाही फक्त टिपच वाकत असेल तर तो फास्ट आहे, घेऊ नका.

बाजूने वाकाची रेषा बघा. ती एकसंध हवी. मध्येच कोपरा दिसला तर तिथे ब्लँकची (रॉडच्या मूळ काठीची) जाडी नीट बदललेली नाही किंवा जोड ताठ आहे. दोर वाकलेल्या ब्लँकला कुठे टेकत असेल तर गाइड कमी आहेत. ढोबळ हिशोब फुटाला एक आणि वर टिपचं कडं. ७ फुटी रॉडाला पाच गाइड म्हणजे काटकसर केलेली आहे.

टिप छताला टेकवून किंवा हातात धरून वाकवून बघू नका. खऱ्या वापरात जोर असा कधीच येत नाही, आणि तुटला तर तुमच्या हातात तुटेल. बाटली वर आणताना रॉड उभा करू नका, ६० अंशांपुढे गेलं की सगळा भार टिपवर येतो.

मग कापसाची काडी प्रत्येक गाइडच्या आतल्या कड्यावरून फिरवा. सिरॅमिकला केसभर तडा असेल तर कापसाचा धागा तिथे अडकून राहतो. डोळ्याला हा तडा दिसत नाही, पण ब्रेडेड लाइन त्याच जागी फेकीगणिक झिजते आणि मग "लाइन खराब निघाली" असं वाटतं. टिपचं कडं सोडू नका, सर्वात जास्त घासणं तिथेच. शेवटी बंदुकीसारखा डोळ्याशी धरून गाइड एका रेषेत आहेत का बघा आणि रीलसीट (रील बसवायची जागा) आवळून रील हलवून बघा. मिलिमीटरभर खेळ असला तरी नको. दिवसभराच्या थरथरीत तो वाढतच जातो.

तंगूस_४०

यात एक भर. फेकायला मोकळी जागा असेल तर आपला लूर, हुक काढून, एकदा हलवून बघा. क्रँकबेट रुंद अंगाचा असतो, हवेत गिरक्या घेतो. मॉडरेट रॉड त्याला सावकाश भिरकावतो, त्यामुळे गिरक्या कमी. फास्ट रॉडने सपकन मारलं की लूर पंख्यासारखा फिरतो आणि ट्रेबल दोरात अडकतो. पाण्यात पडल्यावर थरथर लागली नाही तर तेच झालेलं असतं, लगेच गुंडाळून घ्या.

केंटकीकर

लाइनच्या जाडीकडेही बघा, खोलीचा बराचसा भाग तिच्यावर आहे. पौंडांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे २० पौंड वेगळे. डब्यावर पीई क्रमांक (दोराच्या जाडीचा) किंवा मिलिमीटर शोधा: पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, १.५ म्हणजे ०.२०५, २ म्हणजे ०.२३५. तुमच्या लूरना दीड ते दोन ठीक. ०.३० च्या पुढची लाइन असेल तर डीटी-१६ सोळा फुटांचं तोंडही बघणार नाही. दोर जेवढा जाड, तेवढा त्याचा स्वतःचाच पाण्यात विरोध आणि तो लूरला वर उचलतो.

शापोरा

लीडर (लूरच्या आधीचा जाड दोर) मात्र चोणकासाठी बारीक नको. ३० ते ४० पौंड फ्लोरोकार्बन, लांबी दोन-अडीच फूट पुरे. त्याहून लांब केलात तर जाड दोर वाढून खोली कमी होते, शिवाय गाठ गाइडमधून जाताना अडते. लाइन आणि लीडर जोडायला एफजी गाठ बारीक बसते. लूरला गाठ थेट बांधू नका, गोल तोंडाची स्नॅप (उघडता येणारी कडी) लावा, नाहीतर डोकं नीट हलत नाही. स्विव्हल (फिरती कडी) नको, क्रँकबेटला त्याचा उपयोग नाही आणि नाकाला वजन होतं.

ड्रॅग बोटाने ओढून ठरवू नका. बॅगा मोजायचा काटा दोराला अडकवा, रॉड ४५ अंशांत वाकवा आणि कोणाला तरी काटा ओढायला सांगा. २० पौंडी लाइनला दोन ते अडीच किलोवर दोर सुटायला हवा. रॉड सरळ ठेवून मोजलं तर गाइडचं घर्षण धरलं जात नाही आणि मासा लागल्यावर ड्रॅग ठरवल्यापेक्षा घट्ट निघतो. मॉडरेट-फास्ट रॉडचं म्हणणं मला पटलं, पण हा अडीच किलोचा भार त्या रॉडवर एकदा घालून बघाच. मुठीवरचा भाग ताठ राहिला तरच खांबाजवळ उभं राहण्यात अर्थ.

वाशिष्ठीकाठ

आणखी दोन शंका. एसटीने किंवा दुचाकीवर न्यायचा असल्यामुळे एकसंध रॉड शक्य नाही. दोन तुकड्यांचा चालेल का? टेलिस्कोपिक स्वस्त मिळतो, तो? आणि ओहोटीला पाणी जोरात असतं तेव्हा कुठल्या दिशेने ओढायचं?

गरीदोरा

दोन तुकड्यांचा बिनधास्त घ्या. टेलिस्कोपिक नको. त्यात प्रत्येक जोड घर्षणावर धरलेला असतो आणि क्रँकबेटच्या सततच्या थरथरीने तो सैल होतो. एखादा नळा आत घसरला की गाइड फिरतं आणि पुढच्या फेकीला दोर त्यातच गुंततो.

दुतुकडी रॉडचा जोड तपासताना दोन्ही भाग नीट बसवल्यावर बाहेर थोडी फट शिल्लक राहायला हवी. पूर्ण टेकत असेल तर वापराने जोड झिजला की घट्ट करायला जागाच नाही. बसवताना गाइड पाव फेरी तिरके ठेवून आत ढकला आणि ढकलत ढकलत सरळ रेषेत आणा. तासाभराने एकदा हात फिरवून बघत जा. सैल जोडावर जोरात फेकलं तर बाहेरचा तुकडा तोंडाशी उभा चिरतो, आणि तो दुरुस्त होत नाही.

तंगूस_४०

प्रवाहाचं असं. पाणी एक नॉटने वाहत असेल तर ते सेकंदाला अर्धा मीटर. तुम्ही सेकंदाला एक मीटर वेगाने प्रवाहाविरुद्ध ओढलंत तर लिपला दीड मीटरचा वेग लागतो, आणि ओढ सव्वादोनपट. चांगला रॉडही तिथे कमान होईल. तेव्हा हात निम्म्यावर आणा, लूर तसाही चालतोच.

प्रवाहाच्या वर फेकून सोबत ओढताना उलट. पाणी लूरला तुमच्याकडेच आणत असतं, त्यामुळे ढील पडते आणि लिपला पाणी लागत नाही. इथे तुमचं ६.२ चं रील कामाला येतं. सगळ्यात सोयीचं म्हणजे प्रवाहाला आडवं, थोडं वरच्या अंगाला फेकायचं. लूर कमानीत फिरत खांबाच्या खालच्या बाजूला येतो, जिथे पाणी मंदावतं आणि मासा उभा असतो.

आणि टिपकडे लक्ष द्या. लूर नीट चालत असेल तर टिप बारीक, एकसारखी थरथरते. ती एकदम थांबली तर हुकला शेवाळ किंवा पिशवी. थरथर जड आणि तुटक झाली तर लिप तळाला लागते आहे, म्हणजे तुम्ही बरोबर खोलीवर आहात.

सुरमई

तळाला लागणं हवंच, पण तिथेच रॉडही तुटतात. लूर खडपात अडकला की हात आपोआप झटके मारतो. मारू नका. तरंगणारा क्रँकबेट अडकतो तेव्हा बहुतेक वेळा लिप दगडाच्या फटीत असते, हुक नव्हे. दोर ढिला सोडा, पाच-सहा सेकंद थांबा, तो आपसूक मागे तरंगून सुटतो. नाहीच सुटला तर रॉड थेट दोराच्या रेषेत धरा, म्हणजे त्यावर भार येणार नाही. स्पूल घट्ट धरा किंवा दोर जाड फडक्यात दोन वळसे गुंडाळून मागे सरका. ब्रेडेड उघड्या हाताला कधीच गुंडाळू नका, हाडापर्यंत जाते.

लूर एका बाजूला पळत असेल तर तो जास्त पाणी कापतो आणि खोलही जात नाही. लूर तुमच्या दिशेने येताना डावीकडे पळत असेल तर नाकावरची तारेची कडी पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवा. किंचित म्हणजे दिसेल न दिसेल इतकं. मग पुन्हा ओढून बघा. डीटीसारख्या बाल्साच्या लूरमध्ये जोर केला तर कडीभोवतीचा रंग फुटतो आणि लाकडात पाणी शिरतं.

शापोरा

जेटीवरून मासा रॉडने उचलू नका, हे वेगळं सांगायला हवं. चार किलोचा चोणक पाण्यात हलका वाटतो, हवेत आला की पूर्ण चार किलो, आणि जेटीवर रॉड उभाच धरला जातो. टिपपासून फूटभर खाली तुटतो, नेमका तिथेच. दोरीला बांधलेली उतरती जाळी ठेवा. ती नसेल तर ज्या बाजूला पायऱ्या आहेत तिथे मासा चालवत न्या.

वाशिष्ठी आणि खाडीच्या वरच्या अंगाला मगरी आहेत. मासा घ्यायला कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा विचारही नको, आणि पाण्याच्या कडेला मासे साफ करायला बसू नये.

केंटकीकर

कार्बन असो वा मिश्र, रॉडातून वीज वाहते. मे अखेरीस ढग गडगडायला लागले की सात फुटांची काठी हातात धरून उघड्या जेटीवर थांबू नका. जेटीवर ओव्हरहेड तारा असतील तर फेकताना मागे बघा.

वाशिष्ठीकाठ

शेवटचं विचारतो. गाइड स्वस्त स्टीलचे असणार हे धरून चाललोय. खाऱ्या पाण्यात ते किती टिकतात? आणि जोड अडकून बसला तर?

गरीदोरा

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतले तर बराच काळ टिकतात, दुसऱ्या दिवसावर टाकले तर गंज पायाजवळच्या दोऱ्याखालून सुरू होतो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. नळाखाली जोरात धार मारू नका, मीठ जोडात आणि रीलसीटमध्ये ढकललं जातं. ओल्या फडक्याने पुसा, प्रत्येक गाइडच्या पायाशी बोट फिरवा, सावलीत दोन्ही तुकडे वेगळे करून वाळवा. ओला रॉड पिशवीत घालायचा नाही.

जोडात आत जाणाऱ्या तुकड्याला मेणबत्तीचं मेण हलकं चोळलं की अडकत नाही आणि सैलही होत नाही. तरी अडकलाच तर गाइड धरून पिळू नका, ते उखडतात. दोन माणसांनी समोरासमोर उभं राहायचं, प्रत्येकाने एक हात जोडाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला धरायचा आणि सरळ ओढायचं, न पिळता. एकटे असाल तर रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, हात गुडघ्यांच्या बाहेर, आणि गुडघे सावकाश फाकवा. बाहेरचा तुकडा आधी दोन मिनिटं कोमट फडक्यात गुंडाळला तर निम्मं काम तिथेच होतं. उकळतं पाणी मात्र नको, त्याने गाइडवरचं इपॉक्सी मऊ पडतं.